निळा ठिपका नदीत

“या वर्षी केक मी आणते,” असं मी म्हणाले आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचे चमचे कपातच थांबले.

वाक्य तसं साधं होतं. पण सासूबाईंच्या वाढदिवसाचा केक आजवर माझी नणंद मार्लूस आणत आली आहे. ती तो गाडीतून आणते, बैलगाडीच्या वेगाने आणते, आणि केकला स्वतःच्या मुलांपेक्षा घट्ट पट्टा बांधते. शिवाय या वेळी सत्तरी होती.

“कशावरून आणशील?” मार्लूसने विचारलं.

“सायकलवरून.”

“फेनाला घेऊन?”

“फेनाला घेऊन.”

“आणि वाट कोण दाखवणार? फेना?” सासूबाई म्हणाल्या. (फेना आमची मुलगी, साडेतीन वर्षांची. तिला डावं-उजवं कळत नाही. घाईत असले की मलाही कळत नाही, पण ते या घरात कुणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत आहे.)

“जीपीएस,” मी म्हणाले.

सासूबाई हसल्या. त्या हसतात तेव्हा आवाज येत नाही. नुसते खांदे हलतात, आणि ज्याला हसल्या त्याला पुढचे दोन दिवस ते खांदे दिसत राहतात.

खरं भांडण केकचं नव्हतंच. बुधवारचं होतं. बुधवारी मी आणि माझा नवरा वाउटर दोघंही कामावर असतो, आणि त्या दिवशी फेनाला आपल्या सायकलवर मागे बसवून नदीकाठाने आपल्या गावी, हेसेनब्रुकला न्यायचं, असं सासूबाईंच्या मनात होतं. मी सहा महिने टाळत होते. थंडी आहे, वारा आहे, वारा नाही पण सुटेल, अशी कारणं देत होते. मी विमा कंपनीत नोकरी करते. माणसावर काय काय कोसळू शकतं ते दिवसभर वाचते आणि घरी येऊन आमच्यावर त्यातलं काय कोसळेल याचा विचार करते.

खरं कारण एकच. सासूबाई फोन घरी ठेवून सायकल चालवतात. वाटांच्या फाट्याफाट्यावर जे हिरवे आकडे लावलेले असतात, ते त्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. “बावीस, सत्तेचाळीस, एकसष्ट, आणि मग बेकरीचा वास,” असा त्यांचा नकाशा.

“पण आई, तुम्ही कुठे आहात ते मला दिसायला नको का?” मी म्हणत असे.

“मी काय विमान आहे?” त्या म्हणत.

तर त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “चल योरीन, होऊन जाऊ दे. तू तुझ्या यंत्राच्या भरवशावर साडेदहाच्या कॉफीला पोचलीस, केक अख्खा असला, तर दर बुधवारी मी तुझं यंत्र सायकलला लावीन. नाही पोचलीस, तर बुधवार माझा, वाट माझी, आणि दिवसभर तू एकदाही फोन करायचा नाहीस.”

“चालेल,” मी म्हणाले. वाउटरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो मी प्रोत्साहन समजले.

लगेच जाऊन आम्ही सासूबाईंच्या भेटीसाठी सायकलच्या हँडलला लावायचं, वाट सांगणारं आणि आपला ठिपका घरच्यांच्या नकाशावर दाखवणारं एक छोटंसं जीपीएस यंत्र घेऊनसुद्धा टाकलं. मी हरेन ही शक्यता मी धरलीच नव्हती. (आणि लोकांना हप्ते ठरवून देते मी!)

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी फेना झोपली तेव्हा मी माझ्या फोनमधल्या ॲपवर मार्ग आखायला बसले. ॲपने विचारलं, काय काय टाळायचं आहे? असं मला आयुष्यात प्रथमच कुणीतरी विचारत होतं. माझं मन भरून आलं. मोठे रस्ते टाळा: खूण. खडी टाळा: खूण. ट्रामचे रूळ टाळा: खूण. (आमच्याकडे ट्राम नाही. पण रातोरात सुरू केली तर?) चढ टाळा: खूण. आमचा मुलूख ताटासारखा सपाट आहे, दुधाचा पेला सांडला तर दूध कुठे जावं याचा विचार करत बसतं. पण चौकोन होता, मी खूण केली. शेवटी ॲपने विचारलं, सुरक्षिततेसाठी तुमचं ठिकाण कुणाला दाखवायचं? मी घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर खूण केली. काही झालंच तर निदान सापडू तरी. (हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

सकाळी वाउटर खुर्च्या मांडायला पुढे गेला आणि मी फेनाला सायकलच्या पुढच्या लाकडी पेटीत बसवलं. तिच्या दोन पायांच्या मध्ये केकचा खोका. वर पांढरं क्रीम, कडेने स्ट्रॉबेरी, आणि मधोमध बदामाच्या गोड पिठाचे दोन गुलाबी आकडे: सात आणि शून्य.

“हात लावायचा नाही हं,” मी म्हणाले.

“नाही लावणार,” फेना म्हणाली. हात तिने खरंच लावला नाही. तोंडाबद्दल मी काही बोलले नव्हते.

निघालो. ॲपमधल्या बाईंचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, या आपल्या सासू असत्या तर! “दोनशे मीटरवर डावीकडे वळा.” वळलो. “उजवीकडे वळा.” वळलो. वाटेत बावीस नंबरचा हिरवा आकडा दिसला, त्याच्यावरचा बाण सरळ जा म्हणत होता. बाई म्हणाल्या उजवीकडे. मी आकड्याकडे बघून जरा हसले. खांदे हलवून.

मोठे रस्ते टाळले. मग छोटे रस्ते टाळले. मग एका कुरणाचं फाटक आलं आणि बाई म्हणाल्या, “सरळ जा.” सरळ गाई होत्या. वाटेवरच बसल्या होत्या, रवंथ करत, एखाद्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीनंतर बसतात तशा.

“उठा ना,” मी म्हणाले. “अहो, जरा उठता का?” (मी गाईंनाही अहो म्हणते. माझ्या हातून कुणाचा अपमान झालेला मला चालत नाही.)

तेवढ्यात फोन वाजला. मार्लूस.

“कुठे पोचलीस गं?”

बुधवार माझ्या डोळ्यांपुढून सायकलवर बसून निघाला. “आलेच! चर्चपाशी आहे.”

पलीकडे एकदम हशा पिकला. पाहुणे लवकर आलेले दिसत होते.

“कुठल्या चर्चपाशी?”

“आपल्याच. हेसेनब्रुकच्या.”

इतक्यात माझ्याजवळची गाय हंबरली. मनापासून.

“हे काय होतं?” मार्लूस म्हणाली.

“ऑर्गन. सराव चाललाय वाटतं.”

“छान वाजवतायत हो,” मार्लूस म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवण्याआधी मागून बेरेंडकाकांचा आवाज आला, “अजून जागचा हलत नाहीये!” सासूबाईंचे हे धाकटे भाऊ टीव्हीवर सायकलची शर्यत लागली की भान विसरतात. मला हायसं वाटलं. म्हटलं बरं झालं, शर्यत लागली आहे, म्हणजे माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

गाई शेवटी आपल्या सोयीने उठल्या. कुरण संपलं, वाट उतरली आणि बाई त्याच शांत आवाजात म्हणाल्या, “सरळ जा.”

सरळ नदी होती.

नदीत पलीकडच्या काठाला एक तराफा बांधलेला. असल्या होडीला नावाडी नसतो. काठावर एक चाक असतं, ते फिरवलं की साखळीने तराफा आपल्याकडे येतो. आपण चढायचं, तराफ्यावरचं चाक फिरवत पलीकडे जायचं. रविवारी पोरंबाळं घेऊन लोक मजेखातर येतात. वाढदिवसाचा केक घेऊन बहुधा कुणी येत नसावं.

“बोट!” फेना म्हणाली.

“बोटच,” मी म्हणाले आणि चाक फिरवायला लागले. तराफा इतका सावकाश आला की त्याच्या आधी दोन बदकं येऊन, आम्हाला बघून परत गेली. माझी लांबलचक सायकल त्याच्यावर कशीबशी तिरपी मावली. मागचं चाक काठाशी, पुढे पेटी, पेटीत फेना, फेनाच्या पायांत केक, आणि राहिलेल्या हातभर जागेत मी.

“साडेदहा वाजले का गं आई?”

“अजून नाही.” (वाजून गेले होते. फेनाला घड्याळ कळत नाही, एवढाच काय तो त्या सकाळचा दिलासा.)

मी चाक फिरवत होते. पाणी हळूहळू मागे जात होतं. अर्धी नदी झाली असेल, आणि एकाएकी पाणी पुढे जायला लागलं.

मागे वळून बघते तर ज्या काठावरून निघालो तिथे चार आजोबा. एकसारखी पिवळी जाकिटं, चार चकचकीत सायकली, आणि काठावरचं चाक दोघं मिळून जोरात फिरवतायत.

“अहो, थांबा!” मी ओरडले. “वर मी आहे!”

“काय?”

“मी! मी आहे!”

“आम्ही पण आहोत!” एक आजोबा आनंदाने ओरडले आणि आणखी जोरात फिरवायला लागले. त्यांना वाटलं, मी नमस्कार करतेय.

मी सगळा जोर लावून पुढे ओढलं. त्यांनी मागे ओढलं. खाऊनपिऊन सुखी असलेल्या निवृत्त माणसांच्या दंडात किती ताकद शिल्लक असते, याचा विम्याच्या धंद्यात कुणीही अभ्यास केलेला नाही. करायला हवा.

“तुम्ही मार्ग सोडला आहे,” बाई म्हणाल्या. “शक्य होईल तिथे मागे वळा.”

आणि फोन वाजला. सासूबाई.

फोन खांद्यात धरला आणि चाक सोडलं नाही. “हॅलो आई, आलेच!”

“कुठवर?”

“बेकरीच्या कोपऱ्यावर.”

“असं? मग एवढा दम का लागलाय?”

“चढ आहे ना!”

“बेकरीच्या कोपऱ्यावर चढ?”

“थोडासा.”

मागून बेरेंडकाका बेंबीच्या देठापासून ओरडले, “मागे चालली! अरे, मागे चालली!” आणि टाळ्या. मला त्या शर्यतीतल्या बिचारीची कीव आली.

“हवा कशी आहे तिकडे?” सासूबाईंनी विचारलं.

“कोरडी.”

“पाय?”

“काय?”

“पायही कोरडेच ना? नाही, सहज विचारलं. सावकाश ये हो. वारा बघून ये.” आणि त्यांनी फोन ठेवला. वारा बघून ये, असं माणूस सायकलवाल्याला का सांगेल, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. तो आला नाही. त्याला वाटेत गाई लागल्या असतील.

आजोबांनी आम्हाला विजयाने काठाला लावलं आणि मग पेटीतली फेना बघून चौघंही खजील झाले.

“अरेरे, तुम्ही वर होतात होय! आम्ही म्हटलं तराफा एवढा जड का.”

“मला हेसेनब्रुकला जायचंय,” मी म्हणाले. रडू अगदी नाकापर्यंत आलं होतं. “उशीर झालाय.”

“मग पुलावरून का नाही जात?” त्यांतल्या सगळ्यांत उंच आजोबांनी विचारलं.

“कुठला पूल?”

चौघांनी एकदम हात केला. नदीच्या वळणावर, पोपलरच्या झाडांमागे, लख्ख पांढरा पूल उभा होता. इतका जवळ की त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या पिशवीतला पाव दिसत होता.

“पण हा मला पूल का नाही म्हणाला?” मी फोन पुढे केला. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटाने खालीवर केलं आणि म्हणाले, “हे काय, ‘चढ टाळा’ वर खूण आहे की.”

“मग?”

“अहो ताई, आपल्या अख्ख्या तालुक्यात चढ आहे कुठे? पुलावरच तर आहे!”

बाकीचे तिघं नदीकडे बघायला लागले. पाठमोरे. त्यांचेही खांदे हलत होते.

पूल चढले. चढ सुरू झाला असं मी म्हणेपर्यंत उतार लागला. पुलाच्या टोकाला हिरवा आकडा होता, सत्तेचाळीस. पुढे एकसष्ट. त्यापुढे बेकरीचा वास आला. बाई वाटभर म्हणत होत्या, “मागे वळा, शक्य होईल तिथे मागे वळा.” शेवटी मी त्यांना खिशात घातलं.

सासूबाईंच्या दारात वाउटर उभा होता. चेहरा असा की तिरडी बघावी की वरात, हे ज्याला कळत नाही त्याचा.

“आत ये,” तो म्हणाला. “पण एक सांगू का...”

“नंतर सांग!” मी खोका उचलला, फेनाला काखोटीला मारलं आणि आत गेले.

दिवाणखान्यात नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पण बसणारे सगळे एकाच दिशेला वळले होते, टीव्हीकडे. टीव्हीवर शर्यत नव्हती. नकाशा होता. नदी होती, पूल होता, हेसेनब्रुक होतं, आणि सासूबाईंच्या घरावर एक निळा ठिपका धपापत होता. त्याच्या मागे मी आले त्या वाटेची निळी रेघ: कुरणात एक गाठ, नदीत अर्ध्यापर्यंत गेलेली आणि परत आलेली एक शेपटी.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला तराफ्यावर कळलं नव्हतं. तिथे कळलं.

“ग्रुपवर तूच तर पाठवलंस,” वाउटर कानाशी पुटपुटला. “आई म्हणाली, जो तिला सांगेल त्याला केक नाही.”

आमच्याकडे वाढदिवसाला आलं की उत्सवमूर्तीचंच नव्हे, गोलातल्या एकेकापाशी जाऊन त्याचंही अभिनंदन करावंच लागतं. त्यातून सुटका नाही. मी सुरुवात केली.

“अभिनंदन मार्लूस, आईंच्या वाढदिवसाबद्दल.”

“तुझंही अभिनंदन गं. ऑर्गन फार सुरेख होता.”

“अभिनंदन, बेरेंडकाका.”

“अभिनंदन पोरी! चार जण विरुद्ध एक आणि तरी इतका वेळ टिकलीस!”

“चार होते हे कसं कळलं तुम्हाला?”

“त्यांतला उंच तो माझ्या क्लबातला. त्याने फोटो पाठवलाय.”

शेवटी सासूबाई. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, गालांना गाल लावले, डावा, उजवा, पुन्हा डावा. मग खोक्याकडे बघितलं. मी झाकण उघडलं.

क्रीम शाबूत होतं. स्ट्रॉबेरी बऱ्याचशा होत्या. मधोमध गुलाबी सात होता. शून्य नव्हतं. जिथे शून्य होतं तिथे एक लहानसा खड्डा, त्याच्या काठावर चार दातांची नक्षी.

“फेना!” मी म्हणाले.

“हात नाही लावला,” फेना म्हणाली. नाकावर क्रीम होतं.

सासूबाईंनी त्या साताकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवाज करून हसताना ऐकलं. “सात वर्षांची झाले!” त्या म्हणाल्या. “बरं झालं, आता सायकल शिकायला हरकत नाही. चला, कॉफी ओता, तासभर कोरडे बसलोय आपण.”

मी भेटीचं पुडकं त्यांच्या हातात ठेवलं.  पैज मी हरले होते. वेळ गेली होती, केक अख्खा नव्हता. बुधवारी फेना नदीकाठाने जाणार आणि मला काहीही दिसणार नाही.

सासूबाईंनी कागद सोडला, यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. “छान आहे. हरलीस तरी भेट ती भेट. लावीन हो.”

“खरंच?” माझा विश्वास बसेना. “येत्या बुधवारी?”

“येत्या बुधवारी. जिथे गरज आहे तिथे लावीन.”

मी फक्त ‘लावीन’ ऐकलं. त्यांना घट्ट मिठी मारली आणि केकचा दुसरा तुकडा घेतला, जो आमच्याकडे कुणी घेत नाही.

बुधवारी सकाळी सासूबाई आल्या, फेनाला शिरस्त्राण घातलं, माझ्या डब्यात काय आहे ते माझी पिशवी उघडून बघितलं, नाक मुरडलं आणि दोघी निघून गेल्या. मी ऑफिसात पोचले, कोट न काढता, खांद्यावरची पिशवीही न उतरवता ॲप उघडलं. ठिपका होता! सासूबाईंचा स्वतःचा ठिपका! मी नकाशा मोठा केला. नदीकाठी नव्हता. पुलावर नव्हता. तो शहरात होता. आमच्या ऑफिसच्या गल्लीत. आमच्या ऑफिसच्याच इमारतीवर.

 काहीतरी झालं म्हणून त्या फेनाला घेऊन इथे आल्या! मी धावत खिडकीशी गेले, खाली पाहिलं, जिना उतरले, सायकलींच्या रांगेत शोधलं, दारावरच्या माणसाला विचारलं. पुन्हा ॲप बघितलं. ठिपका माझ्याबरोबर सायकलींच्या रांगेत आला होता.

वर आले. ठिपका पुन्हा इमारतीवर आला.

फोन करायचा नाही, असं ठरलं होतं. मी फोनकडे नुसती बघत उभी होते, तेव्हा तोच वाजला.

“काय गं,” सासूबाई म्हणाल्या. मागे फेना खिदळत होती आणि टीव्ही चालू असल्यासारखा वाटत होता. “पोचलीस ना नीट? आम्ही दोघी बघतोय तुला. मघाशी बाहेर कुठे निघाली होतीस? फेना म्हणाली, आई पुन्हा हरवली.”

आणि माझ्या पिशवीत, डब्याच्या खालून, एक शांत बायकी आवाज म्हणाला, “शक्य होईल तिथे मागे वळा.”